गावाची उतरती रेघ

कचेरीत तिला सगळे रेघाताई म्हणत. आकडेवारीच्या त्या कचेरीत सव्वीस वर्षं तिनं आलेख काढले. संगणक आला, तरी बैठकीच्या भिंतीवरचा मोठा तक्ता तिच्याच हातचा लागे. कोपऱ्यात तिची बारीक सही असायची. काढलेली रेघ खोडावी लागली, की घरी येऊनही तिचा चेहरा उतरलेला राही.

शहर आणि शेजारचं गाव यांच्या लोकसंख्येचा तक्ता तीन वर्षं भिंतीवर होता. शहराची लाल रेघ दहा वर्षांत चढत गेलेली, गावाची निळी बेचाळीसशेवरून सव्वीसशेवर उतरलेली. एके दिवशी हातात चहाचा कप घेऊन साहेब त्याच्यापुढे थांबले.

"सरळ आहे की. लोक गाव सोडून शहरात चाललेत. मग गावातली बाळंतपणाची खोली कुणासाठी चालवायची? सोमवारी बंद करायच्या यादीत घालू."

ते गाव रेघाताईचं माहेर. दोन खाटांची ती खोली चालवणारी नर्स तिची वहिनी. दुपारच्या सुट्टीत तिनं फोन लावला.

"वहिनी, गाव ओस पडतंय म्हणे."

"कोण म्हणतं?"

"माझा तक्ता."

"मग वन्सं, त्या तक्त्यालाच इकडे पाठवा. बाळंतिणींपाशी बसायला माणूस पुरत नाही. या महिन्यात चौदा झाल्या. निम्म्या ओढ्यापलीकडच्या."

"त्या वस्त्या आता शहरात मोडतात."

"मोडू देत. कळा सुरू झाल्या की बाई जवळचं दार बघते. शहरातला दवाखाना तासावर, मी दहा मिनिटांवर."

रेघाताईनं डबा तसाच झाकला आणि हद्दीची फाइल काढली. दहातल्या सातव्या वर्षी ओढ्यापलीकडच्या तीन वस्त्या शहरात घातलेल्या. एकोणीसशे माणसं. कुणी गाठोडं बांधलं नव्हतं, कुणी दाराला कुलूप लावलं नव्हतं. उरलेलं गाव तर उलट तीनशेंनी वाढलं होतं. तिच्याकडे दहा वर्षांच्या अंतरानं घेतलेल्या दोन मोजण्या होत्या, म्हणजे दोन ठिपके. तिनं पट्टी ठेवून ते जोडले होते, आणि दरवर्षी थोडी थोडी माणसं निघून गेल्यासारखा उतार झाला होता.

साहेबांना सांगायचं, तर तीन वर्षं आपल्याच सहीखाली चूक टांगली होती हेही सांगावं लागणार. हे तिला औषधासारखं कडू लागलं. तरी तिनं तक्ता खाली उतरवला, ब्लेडनं शाई खरवडली. दोन्ही रेघा सातव्या वर्षापाशी तोडल्या, मध्ये उभी तुटक रेघ मारली आणि खाली लिहिलं, "इथे हद्द बदलली. माणसं जागेवरच आहेत."

सोमवारी बैठकीत साहेबांनी ते वाचलं, फाइल चाळली.

"आधीचा कुणी काढला होता?"

"मीच," ती म्हणाली. "पट्टीनं."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग यादीतली ती ओळ पेनानं खोडली. "खोली राहू दे. यापुढे प्रत्येक तक्त्याखाली हद्दीची टीप लिहायची."

संध्याकाळी वहिनीचा फोन आला. "काय वन्सं, आम्हाला परत वाढवलंत म्हणे."

"वाढवलं नाही. होतात तिथंच ठेवलं."

"बरं झालं. आता फोन ठेवते, पंधरावी आलीय."