ज्योतीरामचा नियम

पिंपरी गावातला पहिला एम. ए. म्हणजे माझा मावसभाऊ ज्योतीराम. गावानं हार घातला, पेढे खाल्ले आणि मग एकमेकांना विचारायला सुरुवात केली, की हा शिकलाय तरी नक्की काय? "समाजशास्त्र," ज्योतीराम म्हणाला. त्यावर सोपानराव म्हणाले, "म्हंजी समाजात कसं वागायचं, त्येच ना? त्याला पुण्याला जायाला कशापायी पायजे?" सगळे खो खो हसले. ज्योतीरामही हसला, पण जरा वरून, शिकलेला माणूस हसतो तसा.

पुण्याच्या एका संस्थेत आठल्ये सरांच्या हाताखाली त्याला पीएच. डी. करायला मिळाली. विषय होता निर्वासितांचा. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं सरकारनं आमच्या गावाबाहेर लष्करी बराकींत आणून ठेवली होती. सहा-सात वर्षं झाली तरी गाव एकीकडे आणि कॅम्प एकीकडे. मधे एक ओढा, तोही उन्हाळ्यात कोरडा. ही माणसं इथल्या समाजात मिसळतात का, मिसळत नसतील तर का नाही, हे ज्योतीरामनं शोधून काढायचं होतं. सरांना त्याचं फार कौतुक. "आमची पोरं पुण्याहून जातात, तासाभरात परत येतात. तू तर तिथलाच," ते म्हणायचे. हे ऐकलं, की गडी आठवडाभर हवेत असायचा.

रोज दुपारी सायकल काढून तो कॅम्पात जायचा. तिथं त्याचं सर्वांत जास्त जाणं-येणं झालं ते चेतीबाईच्या बराकीत. चेतीबाई साठीला टेकलेली, उंच, सलवार घालणारी, डोक्यावरची पांढरी ओढणी कधी ढळू न देणारी. नवरा कराचीहून येताना बोटीतच गेला. मुलगा नारू हा पेनिसिलिनच्या नव्या कारखान्यात लागला होता. बाईला पवना नदीचा फार लळा. सिंधू नदीच्या काठी जन्मलेली ती, रोज सकाळी पवनेवर जाऊन पाण्याला हात जोडायची. "दरिया छोटा है," ती म्हणायची, "पण पाणी तर पाणी आहे, बेटा."

सिंध्यांच्या घरी माणूस आलं, की आधी भाजलेला पापड आणि पाण्याचा पेला पुढं येतो. मग बोलणं. चेतीबाईनं पहिल्याच दिवशी दोन्ही आणून ठेवलं. ज्योतीरामनं हात जोडले. "माफ करा मावशी. आमच्या कामाचा नियम आहे. ज्यांच्याकडून माहिती घ्यायची, त्यांच्याकडचं काही घ्यायचं नाही."

नियम खरा होता. सरांनी तो सांगितलाही होता. पण गावातल्या घरांची पाहणी करताना हाच ज्योतीराम कोंडाजीच्या ओसरीवर मांडी घालून चहा प्यायचा आणि वर शेंगा खायचा. नियम फक्त ओढ्यापलीकडे लागू होता! खरं कारण असं, की माझ्या मावशीनं, दुर्गाबाईनं, त्याला बजावलं होतं, "त्या लोकांत हिंड, लिव्ह, काय करायचं त्ये कर. पर तिथं पानी पिऊ नगंस." त्या बायका सलवार घालतात आणि उजवीकडून डावीकडे लिहितात, म्हणून गाव त्यांना मुसलमान समजायचं. ते हिंदू आहेत, हे ज्योतीरामला ठाऊक होतं. आईला सांगायचं मात्र त्याच्या जिवावर यायचं. उगाच घरात कटकट कशाला, असं त्याचं म्हणणं. मी म्हणतो, मुसलमान असते म्हणून काय झालं असतं? पण हा प्रश्न आमच्या एम. ए.ला सुचला नाही आणि मावशीला तर नाहीच नाही.

चेतीबाईला तो नियम पटला, नुसता पटला नाही, तर आवडला. "बघ, किती इमानदार मुलगा आहे," असं ती शेजारणींना सांगायची. तरी ज्योतीराम गेला, की पापड-पाणी पुढं ठेवायचीच. न ठेवणं तिच्या रीतीत बसत नव्हतं. तो हात जोडायचा, ती हसायची आणि पापड मग शेजारची पोरं खायची.

छप्पन्न साली सरकारनं बराकी रिकाम्या करायचं ठरवलं. कॅम्पवाल्यांपुढं दोन वाटा होत्या. गावाला लागून जमिनीचा तुकडा घेऊन घर बांधा, नाहीतर कल्याणजवळच्या मोठ्या कॅम्पात जा, तिथं सगळे आपलेच. नारूला कल्याणला जायचं होतं. त्याचे मामा तिथं कापडाचा धंदा करत होते. चेतीबाईला इथंच राहायचं होतं, नदीजवळ. तिच्या वाट्याला येणारा तुकडा होता नेमका दुर्गामावशीच्या मळ्याच्या बांधाला लागून. मायलेकांत रोज वाद व्हायचा. शेवटी नारू म्हणाला, "तू म्हणशील तसं. पण आधी शेजार बघून घे. जन्म तिथं काढायचाय."

म्हणून चेतीबाई ज्योतीरामला म्हणाली, "बेटा, मला तुझ्या आईकडे घेऊन चल. माझी पाटी कोरी आहे. तुझ्यासारखीच तुझी आई असेल, तर मी कुठे जात नाही."

ज्योतीरामला आईचं बजावणं आठवलं. पण नाही कोणत्या तोंडानं म्हणणार? शिवाय, त्यानंच मला सांगितलं, मान वर न करता सांगितलं, की त्याला मनातून बरंही वाटलं होतं. एक कुटुंब कॅम्पातून उठून गावाशेजारी येतंय, तेही त्याच्या डोळ्यांदेखत. प्रबंधात केवढी मोलाची नोंद होईल!

एका रविवारी सकाळी तो तिला घेऊन आला. चेतीबाईनं धुतलेली ओढणी घेतली होती आणि हातात घरी लाटलेल्या पापडांची चळत होती. मावशीनं "या, या" म्हटलं खरं, पण घोंगडं टाकलं ते ओसरीच्या खाली, अंगणात. पापड हातात न घेता म्हणाली, "ठिवा तिथं भिंतीवर." चेतीबाईनं ठेवले. नव्या घराची रीत असेल, असं तिला वाटलं असावं.

मग चहा आला. ज्योतीरामला पितळी पेल्यात. चेतीबाईसाठी मावशीनं ओसरीच्या वळचणीतून, छपराच्या वाशाला अडकवलेली, टवका उडालेली कपबशी काढली. आमच्याकडे घरोघर अशी एक कपबशी असायची. तिच्यात कल्हईवाल्याची रोशनबी चहा प्यायची, तिच्यातच मांगवाड्यातून दोरखंड घेऊन येणारा म्हातारा प्यायचा. रोशनबी इतक्या वर्षांची ओळखीची, तिच्याशिवाय मावशीचं पान हलायचं नाही, पण कप तोच. ती येऊन स्वतः कप काढायची आणि धुऊन परत अडकवायची. त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. म्हणजे पिणाऱ्याला काय वाटायचं, हे कुणी विचारलंच नव्हतं.

मावशीनं वरून चहा ओतला. चेतीबाईनं ज्योतीरामच्या पेल्याकडे बघितलं, मग आपल्या कपाकडे. पण ती बोलली हसूनच. "तुमचा मुलगा फार चांगला आहे, बहन. इतके दिवस येतो, पण आमचा पापड नाही, पाणी नाही. नियम म्हणजे नियम!"

मावशीला लेकाचं कौतुक ऐकून भरून आलं. "कसला नेम न् काय!" ती म्हणाली. "म्याच सांगून ठिवलंय त्येला, त्या लोकांत पानी पिऊ नगंस म्हनून. शिकला तरी आईच्या सबुदाभाईर न्हाई गेला माजा ज्योती."

चेतीबाईला इतकं मराठी नक्की कळत होतं.

ज्योतीराम तिथंच होता. हातात पेला होता. एवढ्या वेळात तो उठून आपला पेला तिच्यापुढं ठेवू शकला असता. तिचा कप घेऊन त्यातला चहा पिऊ शकला असता. निदान "आये, असं बोलू नगंस" एवढं तरी म्हणू शकला असता. पण पठ्ठ्या आपल्या पेल्यातला चहा पीत बसला. दोन समाज जवळ कसे येतात, यावर त्यानं लिहिलेली पानं घरात शेल्फावर होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान! मेल्याहून मेल्यासारखं झालं, असं तो म्हणाला. झालंच पाहिजे. मला त्याचा राग आला तो त्याच्या लाजेमुळे नाही, तर एवढी लाज वाटत असूनही तो जागचा हलला नाही म्हणून.

चेतीबाईनं चहा शेवटच्या घोटापर्यंत संपवला. मावशी म्हणाली, "तिकडं रांजनाजवळ इसळून ठिवा बाई." तिनं कप विसळला, बशी विसळली आणि वाशाला नीट अडकवली. मग दोघींना नमस्कार केला, म्हणजे मावशीला आणि तुळशीवृंदावनाला. ज्योतीराम सोबत जायला उठला, तर ती म्हणाली, "रस्ता मला सापडेल."

पुढच्या आठवड्यात तिनं कल्याणला होकार दिला. बराकीतल्या आणखी काही घरांनीही तोच रस्ता धरला. चेतीबाई राहत नाही, तर आपण तरी का, असा त्यांचा हिशेब. ज्योतीरामनं ही बातमी सरांना दिली. सर खुर्चीतून उठून उभेच राहिले. "बघ! मी म्हणत नव्हतो? मुद्दाम जवळची जागा दिली तरी ही मंडळी मिसळायला तयार नाहीत. तुझ्या प्रबंधाला निष्कर्ष मिळाला." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "पण ती म्हातारी तर राहणार म्हणत होती ना? ऐन वेळी मन का बदललं?"

सरांनी विचारलं होतं. सांगायची संधी आयती चालून आली होती.

"कळलं नाही, सर," ज्योतीराम म्हणाला.

त्याच प्रबंधावर त्याला पीएच. डी. मिळाली. पुढं तो या विषयातला जाणकार समजला जाऊ लागला. निर्वासितांचा प्रश्न निघाला, की मुंबईहून, दिल्लीहून त्याला बोलावणी यायची. प्रत्येक भाषणानंतर टाळ्या पडायच्या आणि प्रत्येक वेळी, तो सांगतो, माणूस नजर चुकवतो तसा तो खाली बघत स्टेजवरून उतरायचा. लोकांना तो विनय वाटायचा.

पण मला सांगायचं आहे ते कॅम्पवाले निघाले त्या दिवसाचं. ट्रकमध्ये ट्रंका, खाटा, शिवणयंत्रं चढत होती. ज्योतीराम सकाळपासून तिथं घोटाळत होता. माफी मागायची, असं ठरवून गेला होता. वाक्यही जुळवून ठेवलं होतं. चेतीबाई ट्रकमध्ये चढून बसली तेव्हा तो जवळ गेला. त्याचं तोंड उघडायच्या आत तीच बोलली.

"आईला सांग बेटा, चहा चांगला होता."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, तो म्हणतो, निदान उत्तर देता आलं असतं. ज्या घरी खाल्लं-प्यायलं त्या घराला निघताना चांगलं म्हणायचं, एवढीच तिची रीत होती. "सांगतो," एवढंच तो म्हणाला.

ट्रक गेला. घरी येऊन त्यानं आईला निरोप सांगितला. मावशी मळ्यातून आणलेली मेथी निवडत बसली होती. निरोप ऐकून तिचा चेहरा फुलला.

"व्हय? गुनाची बाई व्हती रं. बांधाला आली असती तर बरं झालं असतं, मला बी बोलाया कुनीतरी झालं असतं. का गेली म्हनायची?"

ज्योतीराम तिच्याजवळ बसला आणि मेथी निवडू लागला.