आप्पांचं "कावून?"

नववीच्या पहिल्या घटक चाचणीत ऋतुजाला गणितात वीसपैकी चार गुण पडले. कडा गावच्या शाळेत तिच्याइतकी नेटकी वही कुणाची नव्हती. फळ्यावरचं गणित ती जसंच्या तसं उतरवायची, उत्तराखाली दोन रेघा मारायची. तरी चारच.

गणिताच्या सत्यशीला मॅडमनी तिला मधल्या सुट्टीत बोलावलं, वही चाळली आणि बंद करून बाजूला ठेवली. कोऱ्या कागदावर त्यांनी कालचंच एक समीकरण लिहून दिलं. ऋतुजाची पेन्सिल दुसऱ्या ओळीवर अडली ती अडलीच.

मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "हे गणित माझं आहे, तू फक्त उतरवलंस. रोज घरी गेल्यावर वही मिटायची आणि त्या दिवसाची तीन गणितं न बघता सोडवायची. अडलं तिथं फुली मारायची. खोडरबर वापरायचा नाही. आणि आलेलं गणित घरात कुणाला तरी समजावून सांगायचं."

घरात सांगणार कुणाला? आई मनकर्णा दोन इयत्ता शिकलेली, दिवसभर कामात बुडालेली. वडील सटवा मेंढपाळ, शाळेची पायरी न चढलेले. पण संध्याकाळी मेंढरं कोंडून झाली की ते दारात दोर वळत बसायचे, म्हणून ऋतुजा वही घेऊन त्यांच्यासमोर बसली. क्ष अधिक पाच बरोबर बारा. पाच पलीकडे गेला की वजा होतो, म्हणून क्ष सात.

सटवानं दोर वळायचा थांबवला. "पलीकडं गेल्यावर वजा कावून होतो? मेंढरू वाड्यातून रानात गेलं म्हणून त्याची शेळी होती व्हय?"

"म्हाईत न्हाई आप्पा. पुस्तकात तसंच हाय."

"मग उद्या इचार की."

दुसऱ्या दिवशी तिनं वर्गात पहिल्यांदा हात वर केला. वजा का होतो, हा प्रश्न ऐकून मागच्या बाकांवर खसखस पिकली. मॅडमनी हसणाऱ्यांनाच उत्तर विचारलं, तर एकालाही सांगता येईना. मग त्यांनी फळ्यावर तराजू काढला. पाच कुठंच जात नाही. दोन्ही पारड्यांतून सारखंच काढलं तर दांडी हलत नाही, इतकंच. संध्याकाळी ऋतुजानं तराजू सांगितला तेव्हा आठवडी बाजारात जन्मभर तराजू बघत आलेल्या सटवानं मान डोलावली. त्याला पटलं, आणि आपल्याला कळलंय हे ऋतुजालाही त्याच वेळी कळलं.

तेव्हापासून हे रोजचं झालं: आप्पा अडवायचे, ती दुसऱ्या दिवशी मॅडमना विचारायची. वही घाण दिसू लागली, फुल्यांनी भरली. रविवारी ती आठवड्याच्या फुल्या एकेक करून पुन्हा सोडवायची. काही सुटायच्या, काही तशाच राहायच्या.

दिवाळीनंतर आईवडील मेंढरं घेऊन चाऱ्याच्या शोधात लांब निघाले. ऋतुजा भिवराबाई आत्याकडं राहिली. आत्या मायाळू, पण गणिताचं नाव काढलं की उठून चुलीकडं जायची. पंधरा दिवस ऋतुजानं कुणाला काहीच समजावलं नाही आणि फुल्या वाढत गेल्या. एका संध्याकाळी वडिलांचा फोन आला. चारापाण्याचं बोलून झाल्यावर सटवानं विचारलं, आज काय शिकली? ती म्हणाली, भूमिती आहे, फोनवर नाही सांगता येणार.

"सांग तर. काठी हाय हातात, भुई हाय म्होरं."

मग तिनं सांगितलं आणि कुठल्याशा माळावर सटवानं मातीत त्रिकोण काढला. 'वरच्या टोकातून खालच्या रेघेला समांतर रेघ' म्हणताच त्यानं समांतर म्हणजे काय ते विचारलं. काय काढलं ते तो बोलून सांगायचा, चुकीची रेघ आली की पुसून पुन्हा. तिन्ही कोन मिळून सरळ रेघ का होते, हे त्याच्या गळी उतरवताना ऋतुजाला एकही पायरी गाळता आली नाही. दोन वर्षं, मेंढरं बाहेर असताना, ज्या दिवशी रेंज मिळाली त्या दिवशी हा अभ्यास झाला.

दहावीत तिला गणितात शंभरपैकी चौऱ्याऐंशी गुण मिळाले. वर्गात पहिली वगैरे ती आली नाही.

निकालाच्या आठवड्यात सटवा धुतलेला फेटा बांधून शाळेत गेला. आयुष्यात पहिल्यांदा. खुर्चीच्या कडेवर टेकला. मग म्हणाला, "बाई, तुमी पोरीला शिकवलं. तिच्या मागं मी बी थोडं शिकलो. तुमचे लई उपकार हायेत."

तुमच्या प्रश्नांमुळं मलाही कितीदा पुस्तक पुन्हा उघडावं लागलं, मॅडम म्हणाल्या. ऋतुजा दाराशी उभी होती. दोघांचे आभार कसे मानायचे याची वाक्यं तिनं घरून जुळवून आणली होती. ती सगळी बाजूला राहिली. ती आत आली आणि आधी मॅडमच्या, मग आप्पांच्या पाया पडली.

आता ती अकरावीला विज्ञान शाखेत आहे, एसटीनं जाते-येते. त्रिकोणमिती तिला जड जाते. पण आप्पांनी आणि मॅडमनी आपल्यासाठी किती वेळ दिला, हे आठवलं की ती कंटाळा झटकून पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू करते.