पिशवीतून आलेलं मूळ

दोन हजार एकोणीस साली मला बाहत्तरावं लागलं होतं. शिक्षण दुसरीपर्यंत, पण रोपवाटिका माझी आणि तिथं शब्दही माझाच. रोप लावताना प्लास्टिकची काळी पिशवी ब्लेडनं फाडायचीच, नाहीतर मूळ आत गोल फिरून झाड गुदमरतं.

नात राधा प्रयोगशाळेतून पांढरट पिशव्या घेऊन आली. "आजोबा, हे प्लास्टिक जंतूंनी केलंय. आम्ही त्यांच्यात थोडा बदल केला. साखर खाऊन अंगावर चरबी चढावी, तसं ते आत प्लास्टिक साठवतात. मातीत कुजतं."

"जंतू पिशव्या शिवतात होय?" मी म्हणालो. गडी हसले, तिचा चेहरा पडला. तरी जांभळाचं एक रोप मी तिला तिच्या पिशवीसकट लावू दिलं.

पावसाळा सरल्यावर कडेनं माती उकरून पाहिली. पिशवीचा पापुद्रा बोटांत चुरला आणि त्यातून पांढरं मूळ बाहेर निघालं होतं, बाळाच्या पहिल्या दातासारखं. मी बघतच राहिलो. रोप लहान आहे तोवर त्याला धरायचं आणि ते वाढलं की आपणच विरून वाट द्यायची. माणसाला कुठं जमतं हे? मला तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ब्लेड खिळ्याला अडकवलं, गड्यांसमोर राधाला म्हणालो, "तू लाव, पाणी मी घालतो," आणि झारी भरून आणली.