कान सुरतनं नेले नाहीत

अमळनेर स्टेशनात सुरतेची गाडी उभी होती आणि मी खिडकीपाशी बसून फुटाणे खात होतो. दहावी नुकतीच झालेली. माझे वडील, आबा, सुरतेत लूमवर होते आणि आता मलाही सोबत नेत होते. माय फलाटावर उभी होती. आबांनी कोपरानं ढोसलं तेव्हा कुठं मी बाहेर पाहिलं. तिचे ओठ हलत होते. काय म्हणाली ते कळलं नाही, पण पोरगं निघालं की आई काय सांगणार, नीट राहा, वेळेवर जेव, हेच. मी मान डोलावली आणि पुन्हा फुटाण्यांकडे वळलो.

सुरतेतल्या गोडादऱ्यात खोली आणि जवळच खातं. लूमच्या कारखान्याला इथं खातंच म्हणतात. साऱ्या लूम एकदम सुरू झाल्या की शेजारचा माणूस कानात ओरडला तरी ऐकू येत नाही, म्हणून तिथं सगळं खुणांवर चालतं. दोन बोटं जुळवून फटकन अलग केली की धागा तुटला. मूठ हवेत गोल फिरवली की जोडला, चालू कर. मी ही भाषा आठवड्याभरात शिकलो आणि आबा सगळ्यांना कौतुकानं सांगत सुटले. आमच्या गल्लीत तर सगळेच लूमवाले, सगळेच मोठ्यानं आणि तोंडासमोर येऊन बोलणारे. बहिऱ्यांच्या गल्लीत कोण कुणाला बहिरा म्हणणार? माझं ऐकणं कमी होतंय हे कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि आलं तेव्हा नवल वाटलं नाही. लूमवर कान जातातच. आबांचेही गेले होते.

लघवीचंही तसंच. लहानपणापासून ताप आला की ती काळ्या चहासारखी व्हायची. माय म्हणायची, उन्हाळी लागली, आणि धने-जिऱ्याचं पाणी द्यायची. सुरतेत काय, ऊन गावाहून कमी नाही, मीही धने-जिरे भिजवत राहिलो. मग सकाळी चेहरा सुजायला लागला, पाय बुटात मावेनात, आणि एक दिवस खात्यातच उलट्या होऊन आडवा झालो. दवाखान्यात सांगितलं, दोन्ही किडन्या जवळजवळ संपल्यात. डायलिसिस सुरू झालं. पाणी कपानं मोजून, आंबा बंद, शहाळं बंद. खानदेशातल्या माणसाला आंबा बंद म्हणजे अर्धी शिक्षाच.

गावाकडच्यांनो, तुम्ही तेव्हा काय म्हणालात ते मला ठाऊक आहे. "सुरतनी पोऱ्याना कान बी खादात नी किडनी बी खादी." तुम्ही बोलून मोकळे झालात. आबांनी मात्र ते खरं मानलं. मला खात्यात आणणारे तेच ना! मी आत डायलिसिसवर असायचो आणि ते बाहेरच्या बाकावर डबा न उघडता बसून राहायचे. माय गावाहून आली होती, तिच्याशीही धड बोलायचे नाहीत.

किडनीच्या डॉक्टर बाई गुजराती होत्या. एक दिवस त्यांनी कागद बाजूला सारून विचारलं, "कानमां क्यारथी ओछुं संभळाय छे?" कानाला कधीपासून कमी ऐकू येतं? आबांनी मान खाली घालून सांगितलं, लूमवर लावलं तेव्हापासून.

"नही," माय म्हणाली. "आम्ही स्टेशनवर व्हतूत. गाडी तं हुभीच व्हती. मी इतल्या हाका मारी, यानी वळीसन बी देखं नही. तवय यानी लूम देखेल बी नव्हती. माले वाटनं, रुसना व्हई."

मी ते मराठी-हिंदीत बाईंना सांगितलं. त्या सरसावून बसल्या. तुमच्या माहेरी आणखी कुणी? मायनं मामाचं नाव घेतलं. माझा मामा गावात भैरा म्हणूनच ओळखला जायचा. जन्मात त्यानं लूम पाहिली नव्हती, बैलांच्या मागं आयुष्य गेलं, आणि ऐन तरुणपणी अंगावर सूज येऊन वारला. लोक म्हणाले, पोटात पाणी झालं. बाईंनी रक्ताची तपासणी बाहेर पाठवली. आजाराचं नाव आलं, आल्पोर्ट. फार थोड्यांना होतो, आईकडून येतो, पोरांना जास्त गाठतो, किडनी आणि कान दोन्ही धरतो. तापातली ती काळी लघवी म्हणजे रक्तच होतं. आबा अजून त्याला एअरपोर्टची बिमारी म्हणतात. गल्लीतल्या एकानं विचारलंही, इमानात कधी बसला होता रे?

त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात आबा रडले. "मंग मन्ही चूक नही?" एवढंच विचारत राहिले. तेवढ्यात माय पायरीवर बसली. "मंग मन्हाकडतून उनं ते." तिला किडनी द्यायची होती, पण तिच्या लघवीतही थोडं रक्त निघालं होतं आणि बाईंनी तिची घ्यायला नकार दिला होता. आबांनी डोळे पुसले, तिच्या शेजारी बसले आणि आपल्याला ऐकू येत नाही तसंच दुसऱ्यालाही येत नसेल अशा आवाजात ओरडले, "तू जनम दिधा. आते किडनी मी देसू!" सगळा जिना आमच्याकडे बघायला लागला.

आबांच्या तपासण्या होईपर्यंत आमचा जीव टांगणीला होता. किडनी जुळली. ऑपरेशननंतर मी काचेच्या आत होतो. काही दिवसांनी आबांना चाकाच्या खुर्चीवरून काचेपाशी आणलं. बोलून उपयोग नव्हता, दोघंही बहिरे. त्यांनी मूठ वर केली आणि गोल फिरवली. मी हसलो, टाके दुखले, तरी हसत राहिलो. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

आता गोळ्या जन्मभराच्या आहेत, गर्दीत मास्क आहे, कानात मशीन आहे. खातं सुटलं, मी कापडाच्या दुकानात बसतो. गावी बहिणीनं आपल्या पोराची तपासणी करून घेतली, तो ठीक आहे. तुमच्यापैकी ज्यांच्या घरात असा एखादा भैरा मामा होऊन गेला असेल, त्यांनी धने-जिऱ्यावर थांबू नका, एवढंच माझं मागणं.

घर कुठलं असं कुणी विचारलं की पूर्वी मी गावाचं नाव सांगायचो. आता गोडादरा सांगतो. तुम्ही हळू बोलता, तुमच्यात मी परका पडतो. इथं ऐकू गेलं नाही तर माणूस समोर येऊन पुन्हा सांगतो.

यंदाची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, इथंच झाली. बाईंनी आंब्याच्या रसाला परवानगी दिली होती. पुरणपोळी मोडता मोडता मी मायला विचारलं, त्या दिवशी स्टेशनवर काय म्हणालीस गं? ती वाढता वाढता थांबली. "दुसरं काय? आखाजीले येजो म्हन्तं." त्या आखाजीला मी गेलो नव्हतो. पुढच्या कितीतरी आखाज्यांनाही नाही. ती समोर येऊन बसली आणि मला दिसेल असे ओठ हलवत म्हणाली, "पुढला साले बी ऱ्हायजो."

मी मान डोलावली. या वेळी ऐकून.