वत्सलाबाईंचं कासव

...तर काल आपण वत्सलाबाईंच्या अंगणापर्यंत आलो होतो. बाई पंचवटीतल्या एका शाळेत चौथीला शिकवायच्या. वय अठ्ठेचाळीस. शहाण्णव सालच्या त्या उन्हाळ्यात त्या भर अंगणात स्वतःलाच हुकूम सोडत चालत होत्या. "फॉरवर्ड पाच! राइट नव्वद!" पाच पावलं टाकायची आणि जागच्या जागी उजवीकडे वळायचं. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातली पाळी संपवून आलेला नवरा, सहादू, सायकल धरून बघतच राहिला.

"अगं, काय हरवलंय?"

"मी कासव झालेय. आडवे येऊ नका!"

"बरं. पण कासवाला भाकरी थापता येते ना?"

त्याचं असं झालं होतं, शाळेला नुकताच एक कॉम्प्युटर मिळाला होता. पोरांना प्रोग्रॅमिंग शिकवायचा एक खेळ त्यात होता. पडद्यावर एक कासव. आपण सांगू तसं ते चालायचं आणि मागे रेघ सोडायचं. बाईंची गाडी अडायची ती एकाच जागी. कासवाचं तोंड खाली असलं की त्याचा उजवा हात बाईंच्या डाव्या अंगाला यायचा. मग काय, बाई स्वतःच कासव झाल्या! जूनपासून अख्खी चौथी मैदानात तशीच चालायला लागली. आधी पायांनी, मग पडद्यावर.

संस्थेचे अध्यक्ष रावजी, भाजीचे आडतदार. त्यांना काही हे पटेना. "पोरांना खेळायला पेटी कशाला? ऑफिसात टायपिंगला लागेल. सोमवारी येतो. एक गोल तरी नीट काढून दाखवा, नाहीतर पेटी उचलली म्हणून समजा."

बाई पुन्हा अंगणात फेऱ्या घालायला लागल्या. पोरांना गोल समजवायचा कसा? शेवटी म्हणाल्या, "देवाला प्रदक्षिणा घालतो ना, तसं. पाऊलभर पुढे, किंचित उजवीकडे, परत पाऊलभर पुढे."

सोमवारी रावजी खुर्ची ओढून बसले. बाईंनी भाग्यश्रीला पुढे बोलावलं. महादेवाच्या देवळासमोर तिच्या घरच्यांचं हारफुलांचं दुकान. तिने टकाटक बटणं दाबली. कासव निघालं. पाऊण गोल अगदी झकास झाला, आणि तिथे ते थांबलं, वळलं, नि आल्या रेघेवरून निवांत माघारी आलं! वर्गात एकही पोर हसलं नाही. बाई मात्र पडद्याकडे धावल्या.

"काय ओ बाई, पाऊणच? पेट्रोल संपलं काय कासवाचं?"

भाग्यश्रीच ठसक्यात म्हणाली, "महादेवाला पूर्ण फेरी घालत नाहीत, आजोबा! पिंडीच्या पाण्याची पन्हळ ओलांडायची नसते. तिथून मागं फिरायचं."

रावजी दर सोमवारी बेल वाहणारे. कपाळावर सकाळचं भस्म तसंच होतं. ते पोट धरून असे हसले की खुर्ची करकरली.

"पेटी राहू द्या इथंच," डोळे पुसत ते म्हणाले. "पण बाई, पोरगी बरोबर, कासवही सांगितलं तसंच चाललं. मग चुकलं कोण?"

बाईंनी पदर खोचला. हसू काही आवरत नव्हतं.

"मी चुकले, रावजी! प्रदक्षिणा घाल म्हटलं, पण कोणत्या देवाला ते सांगितलंच नाही. भाग्यश्री, टाक गं तीनशे साठ, आता रामाला घालू!"