वादळात घोरणारी सासू

माझी सासू मारुसो ही कालिम्नोस बेटावरची सगळ्यात भांडखोर बाई, आणि तिची निम्मी भांडणं संतांशी. हरवलेलं शोधून देतो तो संत फानूरिओस. त्याच्या नावानं तेल, संत्र्याचा रस नि अक्रोड घालून केक भाजायचा, गल्लीत वाटायचा, की वस्तू सापडते. मारुसोनं कात्रीसाठी भाजला, कोंबडीसाठी भाजला, आणि सासरे समुद्रावरून परतले नाहीत तेव्हा तर पिठाचं पोतं संपवलं. सासरे आलेच नाहीत. मग तिनं संताची तसबीर भिंतीकडे तोंड करून टांगली. समजूत घालायला आलेल्या पाद्री साव्वासना झाडू दाखवला. "आधी माझा नवरा आणा, मग उपदेश करा!"

मी लग्न होऊन आले तोवर तसबीर सरळ झाली होती, आणि बाईसुद्धा. कशी, ते एकदा विचारलं.

"भांडून भांडून दमले गं. एक दिवस चर्चमध्ये म्हटलं, ख्रिस्ता, आता तुझं तू बघ, मला झेपत नाही. घरी आले नि ढाराढूर झोपले."

बस. ना दृष्टान्त, ना चमत्कार. मला त्यात भक्ती कमी नि आळसच जास्त दिसायचा. रोज दुपारचं जेवण झालं की ही क्रूसाची खूण करणार, "घे, सांभाळ," असं देवाला मोलकरणीला सांगावं तसं सांगणार आणि आडवी होणार. माझी दोन्ही कार्टी, लेमोनिया नि निकितास, तिचं बघून "घे, सांभाळ!" म्हणत शेजारी पसरायची. शाळेचा अभ्यासही बहुधा देवच करणार होता.

मग ऑगस्टातला तो उत्तरेचा वारा सुटला. माझा नवरा याकुमीस होडी घेऊन गेला होता. दुसऱ्या दिवशीही आला नाही. फोन लागेना, आणि शोधायला बंदरातून कुणी बाहेर पडू धजेना. माझ्या डोळ्याला डोळा नव्हता.

"आई, केक भाजा," मी म्हटलं.

"कशाला?"

"कशाला म्हणजे? तुमचा मुलगा हरवलाय!"

"हरवलेला नाही. तो कुठं आहे ते देवाला माहीत आहे. आपल्याला माहीत नाही, एवढंच."

"मग विचारून सांगा की!"

"मी त्याच्या स्वाधीन केलाय. टोपली दुसऱ्याच्या हातात दिल्यावर मागून ओढत बसू नये."

आणि बाई भरदुपारी चक्क झोपायला गेली! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मागोमाग पोरं गेली. दारातून मला ऐकू आलं, निकितास विचारत होता, "आजी, तुला भीती नाही वाटत?"

"वाटते की. भीती घेऊनही झोपता येतं. सरक तिकडे."

केक मीच भाजला. रडण्याच्या नादात करपवला. कोळसाच झाला त्याचा. तो कुत्र्यापुढे टाकला आणि तरातरा आत गेले. "बाप तिकडे बुडतोय आणि इथे लोळताय? उठा!"

पोरं हलली नाहीत. सासूनं डोळे न उघडता चादरीचं टोक उचललं. "ये."

मी भांडायलाच बसले होते. पण बसल्या बसल्या तिच्या शेजारी कलंडले. शेवटी छताकडे बघून म्हटलं, "घे. पण नीट सांभाळ, नाहीतर गाठ माझ्याशी आहे." ती माझी पहिली खरी प्रार्थना.

पुढचं मला लेमोनियानं सांगितलं. त्याच संध्याकाळी याकुमीस आला. इंजिन बंद पडलं म्हणून एका खडकाच्या आडोशाला नांगर टाकून बसला होता. धक्क्यावर रडायला कुणी नाही हे बघून त्याचा पारा चढलेला. दारातूनच ओरडला, "मी तिकडे मरतोय आणि इथे घोरण्याची शर्यत लागलीय!"

आजी धडपडत उठली. त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं, आवाज फुटू नये म्हणून डोक्याचा रुमाल दातांत कोंबून रडली. मग त्याला एक चापट मारली.

"हळू बोल. बायकोला उठवलंस तर याद राख. या घरात आल्यापासून आज पहिल्यांदा झोपलीय ती."