मलबारी सुपारीचं पीठ

पाण्यात भिजत पडलेल्या बीजांच्या कापांचा आंबूस, किंचित मातकट वास भाद्रपदातल्या उन्हात सबंध आवारावर साचून राहायचा, आणि सकाळी खोलीचं दार उघडलं की तोच प्रथम छातीवर येऊन बसायचा. युद्धाची वर्षं होती. नगरबाहेर, केडगावच्या रस्त्यावरच्या मुलींच्या वसतिगृहाची व्यवस्था मी पाहत होते. वय चोवीस, आणि हाती एकेचाळीस मुलींची भूक. मोठ्या बाई आजारपणामुळे थंड हवेच्या ठिकाणी गेल्या होत्या, रेशनची ज्वारी येता येत नव्हती, आणि नवी बाजरी अजून शेतात हिरवी उभी होती.

आमच्या ख्रिस्ती देवळाकडे जाणाऱ्या वाटेच्या दुतर्फा एका विशिष्ट झाडाच्या रांगा होत्या. कुणा जुन्या मिशनरी बाईंनी मलबारातून रोपं आणून लावलेल्या. शास्त्रात त्याला सायकस म्हणतात, माळी मलबारी सुपारी म्हणे, मुली आखूड माड म्हणत; वस्तुतः ते माडही नव्हतं आणि सुपारीही. गळून गेलेल्या पानांच्या खुणांनी खवलेदार झालेलं काळपट खोड, आणि माथ्यावर पिसांसारख्या तकतकीत पानांचा विस्तीर्ण मुकुट. नेच्याच्या कोवळ्या पानासारखी एकेक गुंडाळी सुटत ती पानं उमलत, आणि ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी तीच हाती घेऊन मुली गात देवळात शिरत. यांत नर आणि मादी निराळे. नराच्या शेंड्यात कणसासारखा तांबूस शंकू येई आणि त्याच्या उग्र गंधानं डोकं जड होई. मादीच्या लवदार पात्यांच्या कडांना नारिंगी बीजं लगडत, कोंबडीच्या अंड्याएवढी.

शेजारच्या दवाखान्यातली परिचारिका अन्नम्मा मलबारची. एका संध्याकाळी त्या बीजांकडे पाहत तिनं सांगितलं, की तिच्या गावाकडच्या डोंगरउतारांवर ही झाडं रानातच वाढतात आणि पावसाळ्यात धान्य सरलं की गरिबांघरी याचंच पीठ होतं. मात्र कच्चं बीज विषारी; फोडून, गराचे पातळ काप करून, रोज पाणी बदलत नऊ दिवस भिजवायचे आणि मग कडक वाळवायचे. मी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी धाकट्या मुलींपैकी एक प्रार्थनेच्या वेळी भोवळ येऊन पडली, आणि मी बीजं उतरवायला सांगितली.

भिजवण्याच्या तिसऱ्या दिवशी, ओतून दिलेल्या पाण्याच्या डबक्यात चोच घातलेली एक कोंबडी दुपारी पाय ताणून मेलेली आढळली. पाचव्या दिवशी अन्नम्माला पुण्याच्या दवाखान्यात तातडीचं बोलावणं आलं. टांग्यात बसताना तिनं माझा हात घट्ट धरला. “नऊ म्हणजे नऊ. मुली रडल्या तरी आठव्या दिवशी देऊ नका.”

त्यानंतर त्या झाडांचं ज्ञान असलेलं असं कुणी भोवती उरलं नाही. सहा रांजण, विहिरीचं खोल गेलेलं पाणी, आणि माझी स्मृती, जिच्यावर माझा विश्वास उरला नव्हता. सातव्या सकाळी चौथ्या रांजणाचं पाणी बदललं होतं की नाही, हे मला काही केल्या आठवेना. मी सगळेच रांजण पुन्हा उपसले, आणि नवाचे अकरा दिवस केले.

पीठ झालं तेव्हा ते पांढरंशुभ्र, निरागस दिसत होतं. पहिली भाकरी मी पहाटे स्वतःपुरती थापून घेतली. स्वयंपाक पाहणाऱ्या यमुनामावशींनी ते ओळखलं. चुलीशी येऊन बसल्या आणि माझ्या ताटातली अर्धी भाकरी मोडून घेतली.

“मावशी, नको. काही झालं तर?”

“तुमी एकट्यानं खाल्ली अन् पडला, तर या पोरींना कोन हाय?” त्या शांतपणे चावत म्हणाल्या. “मी लई जगले.”

तो दिवस मी कसा काढला ते सांगता येत नाही. फळ्यावर गणित लिहिताना मी मध्येच थांबे. पोटात जरा काही हललं की मी वर्गाबाहेर येऊन स्वयंपाकघराच्या दिशेनं पाही, आणि मावशी पाखडत बसलेल्या दिसल्या की परत फिरे. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी धडधाकट होतो. ज्वारीत मिसळून ते पीठ मुलींना आठ दिवस पुरलं. कुणाचं डोकंही दुखलं नाही. पुढे ज्वारीची पोती आली, आणि मी देवाचे आभार मानले.

आता माझी सत्तरी उलटली आहे. मध्यंतरी परिचयाच्या एका डॉक्टरांकडून सहज बोलताना कळलं, की या बीजातलं विष पुरतं धुतलं गेलं नाही, तर ते पुष्कळ वर्षांनीही मज्जातंतूंना ग्रासत असावं, असा काही जाणकारांना संशय आहे. त्या दिवसापासून मी जुन्या मुलींना पत्रं लिहिते. प्रकृती विचारते; का विचारते ते लिहीत नाही. कुणाच्या अक्षराला कंप दिसला, की ते पत्र उजेडात धरून पुन्हा पुन्हा वाचते.

गेल्या आठवड्यात सरला भेटायला आली. प्रार्थनेच्या वेळी भोवळ आलेली ती हीच. आता नातवंडांची आजी. माझ्या पोलक्याचं बटण तुटलेलं पाहून तिनं सुईदोरा मागितला, आणि पहिल्याच प्रयत्नात, चष्म्याशिवाय, दोरा नेढ्यातून सरळ ओवला. मी तिची बोटं पाहत राहिले. बटण लावून झाल्यावर मी आत गेले, ज्याची सगळी बटणं शाबूत होती अशा दुसऱ्या पोलक्याचं एक बटण तोडलं, आणि ते पोलकं घेऊन पुन्हा तिच्यासमोर येऊन बसले.